विषम बळांचा डाव

सांगली म्हटलें म्हणजे गणपति, हळद आणि नाटक हीं तीन नांवें चटकन् ओठांवर येतात. चौथें नांव बुद्धिबळाचें. येथील नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालीं निघालें आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनीं त्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें.

स्पर्धेंतील पहिल्या फेरीचा दिवस मोठा मौजेचा असतो. स्विस पद्धतींत खेळाडूंची बलानुसार यादी करितात, तिचे मधोमध दोन भाग पाडतात आणि वरच्या भागांतील पहिल्याची गांठ खालच्या भागांतील पहिल्याशीं घालितात. म्हणजे नामांकित खेळाडूसमोर पुष्कळदां शाळकरी पोर येऊन बसतें. घरच्या बैठकींत अशा वेळीं बलवान् गडी आपला घोडा किंवा हत्ती काढून ठेवून खेळतो. स्पर्धेंत ती सवलत नाहीं. प्राध्यापक आर्पाड एलो यांच्या गणिताप्रमाणें ४०० गुणांचें अंतर असल्यास बलवानास अकरा डावांत सुमारें दहा गुण मिळावे. पण उरलेला एक कोणत्या दिवशीं जाईल, हें गणित सांगत नाहीं! शिवाय बरोबरीसुद्धां त्यास तोट्याचीच. म्हणून तो सरळ डाव उगाच गुंतागुंतीचा करूं जातो आणि पुष्कळदां तेथेंच फसतो.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे मूळचे सांगलीचे. त्यांची पणती रोहिणी हिनें १९७६ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश केला. थोरली बहीण वासंती हिनें १९७४ सालीं स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. तेव्हां खेळाचें बाळकडू घरांतच होतें. पण मुलीनें पुरुषांसमोर बसावें ह्यावर गहजब उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९३५ सालीं अलेखाइनला हरवून जगज्जेते झालेले माक्स यूवे तेव्हां जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्वाळा त्यांनीं दिला. हरकत घेणाऱ्यांना भीति कशाची वाटली, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक. पोर हरली असती तर कोणाचें कांहींच जाणार नव्हतें.

पण गुजराथचे गौरांग मेहता, महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार आणि बंगालचे ए. के. घोष ह्या तिघां राज्यविजेत्यांस तिनें हरविलें! पुढें १९८१ सालीं आशियाई अजिंक्यपदही तिनें मिळविलें. आणि खुद्द सांगलीच्या स्वाती घाटे कालांतरानें महिला ग्रँडमास्टर झाल्या.