धूर आणि पोटातली चरबी



पुण्याहून पानशेतला यायचे ते चांगल्या हवेसाठी, असे शहरात धरून चालतात. वेल्हे-भोरच्या मावळात वैशाखात फिरलेला माणूस या समजुतीला हसेल. भाताच्या रोपांसाठी खाचरात शेण, पालापाचोळा आणि टहाळ रचून राब भाजले जातात, डोंगरउतारावर वणवे लागतात. शिवाय गॅस आला तरी अंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच तापते. सुट्टीच्या दिवशी धरणाकडे येणाऱ्या गाड्यांचा धूर वेगळाच.

या धुराने खोकला येतो, दमा बळावतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोच धूर चरबीपर्यंत पोचतो, ही गोष्ट मात्र डॉक्टरांच्याही बोलण्यात क्वचित येते.

चरबी ही नुसती कोठी नव्हे. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन अशी संप्रेरके ती सोडते आणि भूक, साखर, यकृत यांच्याशी तिचा अखंड व्यवहार चालू असतो. २००९ साली संजय राजगोपालन आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात मांडला. सगळ्या उंदरांचा आहार स्निग्ध होता. काहींना गाळलेली हवा दिली, काहींना २४ आठवडे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी भरलेली. दूषित हवेतल्या उंदरांच्या पोटातील चरबीत भक्षक पेशी अधिक जमल्या, दाह वाढला आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले. कण फुफ्फुसात अडकतात, पण त्यांनी पेटवलेला दाह रक्तातून सर्वदूर जातो. सुजलेल्या चरबीला मेद धरून ठेवता येत नाही. तो यकृतात आणि स्नायूंत उतरतो, आणि साखर चढते.

माणसांचे काय? दिल्ली आणि चेन्नईतील १२ हजारांहून अधिक लोकांचा सात वर्षे पाठपुरावा झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढली की मधुमेहाचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरीही उंदरांचा प्रयोग आणि माणसांची आकडेवारी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ते झटकून टाकणे शहाणपणाचे नाही.

पुणे जिल्ह्याला हा विषय जरा जास्तच लागू पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांमध्येही हाच प्रकार दिसला: वजन सरासरी २.७ किलो, स्नायू बेताचे, पण चरबी त्या मानाने राखलेली. हे संशोधन पोषणाचे होते, धुराचे नव्हे, म्हणून दोहोंची सांगड जपूनच घालावी लागते. पण दिसायला सडपातळ आणि आतून मेदाळ अशा शरीरात धुराच्या दाहाची भर पडत असेल, तर ‘काटक माणसाला कुठली साखर’ हा गावातला धीर फसवा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपले राष्ट्रीय मानक ४० आहे, म्हणजे आठपट सैल. त्यातही हवेची प्रत मोजणाऱ्या ‘सफर’ यंत्रणेचे आकडे येतात ते पुणे परिसरातील शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी अशा ठिकाणांहून, तेही उघड्यावरच्या हवेचे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासात काय जाते, ते त्यात उमटत नाही.

राब भाजण्याला शेतकऱ्याकडे कारणे आहेत: तण मरते, रोप जोमदार येते. त्याला शहाणपण शिकवून धूर थांबणार नाही, पर्याय द्यावा लागेल. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. रोपवाटिका नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. कृषी खात्याच्या शिबिरात आरोग्य केंद्राचा माणूसही उभा राहिला, तर ही गोष्ट नुसती पिकाची न राहता प्रकृतीचीही होईल.

तोवर एक काम आपल्या दवाखान्यांच्याच हातातले आहे. केसपेपरवर तंबाखू-दारूचा रकाना असतो, त्याच्याखाली आणखी एक ओळ घाला: स्वयंपाक आणि पाणी कशावर, आणि चुलीपाशी दिवसाचे किती तास. उत्तर ‘चूल’ असेल, तर रुग्ण कितीही सडपातळ असो, कंबर मोजा आणि साखर तपासा.