हजामतीची कुळकथा
(जयसिंगपूर येथें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी हंसली, तें आम्हांस दिसलें. सुताराच्या रंध्यावर किंवा कुंभाराच्या चाकावर बोललों असतों तर कोणी हंसलें नसतें. वस्तऱ्याचें नांव निघालें कीं मात्र हंसूं येतें, आणि कोणाची फजिती झाली कीं त्याची बिनपाण्यानें हजामत झाली असें आपण म्हणतों. ज्याच्यापुढें राजापासून रंकापर्यंत सर्वांनीं मान वांकवावी, त्याच्या धंद्याचीच शिवी व्हावी, हें कसें झालें ?

हजामत हा शब्द अरबी आहे. हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. आपल्याकडेहि न्हावी तुंबडी लावी, गळूं फोडी, लग्नांत मशाल धरी. त्याची धोकटी म्हणजे अर्धा दवाखानाच. लंडन शहरांत १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघांत होते. पुढें वैद्य निराळे झाले व मानाला चढले. वस्तरा तोच, पण एका हातांत तो विद्या ठरला आणि दुसऱ्या हातांत हलकें काम ठरला.

मोठेपण या जातींत नव्हतें असें कोणी म्हणूं नये. भगवान बुद्धाचा शिष्य उपाली जन्मानें न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधीं त्याला दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांनीं त्याला वंदन करावें, अशी बौद्ध ग्रंथांतील हकीकत आहे. सेना महाराज वारकऱ्यांचे संत. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं शिवरायांवरचा वार अडविणारा जिवा महाला याच समाजाचा. पन्हाळ्याच्या वेढ्यांतून १६६० सालीं महाराज निसटले, तेव्हां त्यांचें सोंग घेऊन पालखींत बसलेला शिवा काशीद हाहि न्हावीच. त्याचें नेबापूर येथून फार दूर नाहीं.

केस ठेवण्याच्या तऱ्हा तर किती बदलल्या ! शिवरायांच्या जुन्या चित्रांत टोंकदार दाढी दिसते. पुढें डोकें तासून घेरा व शेंडी, आणि मराठ्याला मिशी, ही चाल पडली. रशियाच्या पीटर बादशहानें तर दाढी राखणारांवर कर बसविला. आमच्या शिरोळ भागांतले जैन मुनि वस्तरा लावीतच नाहींत, हातानें केस उपटून केशलोच करितात. १९०१ सालीं जिलेट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें पात्याच्या वस्तऱ्याची कंपनी काढली, पहिल्या महायुद्धांत तो वस्तरा शिपायांच्या झोळींत गेला, आणि माणूस घरच्या घरीं दाढी करूं लागला. पण एकादशीला नको, अमावास्येला नको, अमक्या वारीं नको, हें पंचांगाचें लोढणें मात्र अजून कित्येकांच्या गळ्यांत आहे. गालावरच्या केसांना तिथि कळते काय ?

आतां मुख्य गोष्ट. भिक्षुकशाहीनें ब्राह्मण विधवांचें केशवपन धर्म म्हणून चालविलें, आणि तें करावयास हात लाविला न्हाव्याचा. १८९० सालीं मुंबईस सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी बंधूंनीं सभा भरविली व हें काम आम्ही करणार नाहीं असा ठराव केला. ज्यांना शास्त्र वाचण्याचा अधिकार नाहीं असें शास्त्र्यांनीं ठरविलें होतें, त्यांनीं शास्त्र्यांना माणुसकी शिकविली.

पण दुसरी बाजूहि सांगितलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या साताऱ्याच्या बालपणाविषयीं लिहून ठेविलें आहे, कीं गांवांत न्हावी होते, घरांत पैसे होते, तरी त्यांचे केस त्यांची वडील बहीण कापी; कारण अस्पृश्याच्या डोक्याला न्हावी हात लावीत नसे. मुंबईंत अन्यायासाठीं मिटलेला वस्तरा साताऱ्यास माणसाला विटाळ मानून मिटला !

यांत दोष एकट्या न्हाव्याचा काय ? वर्षभर घरच्या सर्व पुरुषांचीं डोकीं व दाढ्या करावयाच्या, आणि सुगीला खळ्यावर सुपांत पडेल तें धान्य उचलावयाचें, असें त्याचें बलुतें. महारवाड्यांतल्या मुलाचे केस त्यानें कापले असते, तर खळ्यावर तें सूप रिकामें आलें असतें. सूप भरणारे कोण ? आपण शेतकरीच. मुंबईच्या न्हाव्याला मोल रोख मिळे, म्हणून त्याला नाहीं म्हणण्याची छाती झाली, असें आमचें मत आहे.

शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या वडिलांच्या नांवें हें जयसिंगपूर वसविलें. ही रुळाकांठची व्यापारी पेठ. येथें व्यवहार रोखीचा. खुर्चीवर बसणाराची जात पैशावर उमटत नाहीं. १९५५ सालीं अस्पृश्यतेविरुद्ध जो कायदा झाला, त्यांत दुकान म्हणजे काय हें सांगतांना केस कापण्याचें सलून असें मुद्दाम लिहिलें आहे. तें लिहावें लागलें, हीच शरमेची गोष्ट.

म्हणून ज्या वाडीवर अजून कोणाला त्या खुर्चीवर बसूं देत नसतील, तेथें न्हाव्याशीं भांडूं नका. पाटलानें, शेतकऱ्यानें आपण होऊन त्या गृहस्थाला बरोबर न्यावें, आणि कारागिराला सर्वांसमक्ष सांगावें : आधीं यांची दाढी, मग आमची. मोल दोघांचें आम्ही देऊं.