पाळत, निगा आणि हेर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगलप्रसंगी 'पाळत' या शब्दाविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु त्याचे कूळ पाहू गेल्यास तो आपल्या घरातलाच निघतो. पाळणा, प्रतिपाळ, गोपाळ ही त्याची भावंडे. संस्कृत 'पाल्' धातूचा अर्थ रक्षण करणे. त्यावरून आपले 'पाळणे', आणि त्यावरून 'पाळत'. राखणदाराला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ज्याला राखायचे त्याच्याकडे लागलेली ही नजर पुढे केव्हातरी ज्याच्यापासून राखायचे त्याच्याकडे वळली, आणि मायेच्या पोटी संशय जन्माला आला. आज पाळत पोलीसही ठेवतात आणि घरफोडीपूर्वी चोरही ठेवतो. शब्दाला दोघे सारखेच.

याच्या नेमका उलट प्रवास 'निगा' या शब्दाने केला आहे. फारसी 'निगाह' म्हणजे दृष्टी. तीत प्रेम नाही, द्वेषही नाही. मराठीत आल्यावर मात्र ती तुळशीच्या रोपाची, बाळंतिणीची, म्हाताऱ्या माणसाची निगा झाली. 'निगराणी' तिचीच बहीण. पण हिंदीत तिचा कल पहाऱ्याकडे अधिक. येथील चौकाचौकांत कॅमेऱ्याखाली जी पाटी असते, तीतील 'निगरानी' अशी. परिचयातील एका घरी आजीबाई नातवाला म्हणाल्या, "तुझी निगराणी मीच केली रे लहानपणी." नातू काशीतच वाढलेला. त्याने विचारले, "का? मी काय केलं होतं?" सारे हसले. मला मात्र हसू आले नाही. शब्द दोघांनाही ठाऊक होता. आजीची माया तेवढी त्यातून पोहोचली नाही. आपल्यासारख्या परप्रांतीय घरांत भाषा जाते ती बहुधा अशीच, शब्द जागच्या जागी ठेवून.

आता 'हेर'. मराठीत 'हेरणे' म्हणजे बारकाईने टिपणे. संस्कृत कोशांत 'हेरिक' मिळतो, पण तो लोकभाषेतून वर गेलेला असावा असे मला वाटते. पुरावा दूर नाही. गल्लीत कोणी काही शोधू लागला की काशिका बोलणारा शेजारी विचारतो, "का हेरत हउवा?" त्यात गुपित काही नसते, किल्ली हरवलेली असते, इतकेच. एकाच शब्दाने गंगाकाठी किल्ली शोधावी आणि सह्याद्रीत शत्रूचा तळ, ही मौज काशीकर मराठी माणसालाच कळावी.

शिवकालीन बहिर्जी नाईकाला आपण आज हेर म्हणतो; त्याच्या काळचा प्रचलित शब्द 'जासूद'. अरबी 'जासूस'च्या मुळाशी हाताने चाचपणे हा अर्थ आहे, वैद्य नाडी चाचपतो तसा. पेशवाईत मात्र जासूद हा मुख्यतः पत्रे पोहोचविणारा झाला.

संस्कृतातील प्राचीन शब्द 'स्पश'. ऋग्वेदात वरुणाचे स्पश सर्वत्र पाहत असतात. 'पश्यति' त्याच कुळातले आणि इंग्रजी 'स्पाय'ही दूरचा नातेवाईक. पतंजलींच्या महाभाष्याच्या पहिल्या आह्निकाचे नाव 'पस्पशा'. माघ कवीने शिशुपालवधात यावर सुरेख श्लेष साधला आहे : पस्पशेवाचून व्याकरण तसे स्पशांवाचून राजकारण, दोन्ही शोभत नाहीत. ज्या नगरीत नागपंचमीला नागकुव्यावर पतंजलींचे स्मरण होते आणि जेथे नागोजी भट्ट काळे यांनी महाभाष्याच्या परंपरेत 'उद्द्योत' लिहिला, तेथे हा श्लेष उलगडून सांगण्याची गरज नाही. कौटिल्याने गूढपुरुषांत विद्यार्थ्याच्या आणि तापसाच्या वेषातले हेर सांगितले आहेत. काशीत त्यांना लपायला किती सोयीचे झाले असेल!

हा विनोद येथेच थांबवितो, कारण या नगरीत तो महागात पडलेला आहे. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून 1914 च्या अखेरीस परतले आणि काशीत रासबिहारी बोस यांना भेटले. ठिकठिकाणच्या पलटणींतून उठाव करण्याचा बेत होता. त्यासाठी 21 फेब्रुवारी 1915 हा दिवस ठरला. तो बेत फुटला. पिंगळे 23 मार्चला मीरत येथे घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. सरकारची पाळत सर्वत्र होतीच. पण घात केला तो दुरून पाहणाऱ्याने नव्हे. पोलिसांनी पेरलेला किरपालसिंग लाहोरात क्रांतिकारकांच्याच बैठकीत, त्यांच्यातलाच एक होऊन बसला होता. अशा माणसाला हेर म्हणताना मराठी जीभ अडखळते. त्याच्यासाठी आपल्याकडे निराळा शब्द आहे : घरभेद्या.