तमालपत्राचे हरवलेले नाव



सुरत म्हटली की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. आज मात्र मी आपणांस त्या शहरातील कतारगामनजीकच्या डच कबरस्तानात नेणार आहे. तेथील एका भव्य थडग्यात हेंड्रिक व्हान रेडे हा डच कंपनीचा मलबारातील एके काळचा अधिकारी विसावला आहे. १६९१च्या डिसेंबरात तो समुद्रप्रवासात वारला व सुरतेस त्याचे दफन झाले. त्याचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत छापले आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

या ग्रंथात ‘काटू-करुवा’ नामक रानदालचिनीचे झाड आहे. पुढे शास्त्रज्ञांनी त्यास ‘मलबॅट्रम’ हे जातिनाम दिले. ते मलबारवरून पडले असावे असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो आपल्या ‘तमालपत्र’ या शब्दाचाच ग्रीक अवतार होय. आरंभीचा ‘त’ ग्रीकांनी आपल्या भाषेतील उपपद समजून वेगळा काढला, असे विद्वान मानतात. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता याने हा अपभ्रंश ओळखला होता, आणि हे पान म्हणजे विड्याचे पान नव्हे, असेही बजावले होते.

रोमन जगात या पानाचा मोठा मान होता. प्लिनीने रत्तलामागे ६० दिनार असा त्याचा दर नोंदविला आहे. त्याचे सुगंधी तेल तर त्याहून कितीतरी महाग पडे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात हे पान मुझिरिस व नेल्किंडा या केरळी बंदरांतून निघते. गंगेच्या मुखाकडूनही निघते. सुरतेच्या शेजारचे भडोच त्या काळी गजबजलेले बंदर होते, पण तेथील निर्यातीच्या यादीत याचे नाव नाही.

पुढे डचांनी लवंग व जायफळ यांचा मक्ता बळकावला, १६५८ पर्यंत सिंहलद्वीपची दालचिनीही हस्तगत केली, आणि हा माल सुरतेच्या बाजारात आणून विकला. हिमालयाच्या उतारावर वाढणारे तमालपत्र मात्र कोणाच्याच मुठीत आले नाही. मक्ता करावा इतके ते मोलाचे उरले नव्हते, असे मला वाटते.

आज परदेशी व्यापारात ‘बे लीफ’ या नावाने मुख्यतः दुसरेच पान ओळखले जाते. ते भूमध्यसागरी लॉरेलचे असून तुर्कस्तान त्याचा मोठा निर्यातदार आहे. त्याची मधली शीर एकच; आपल्या पानावर देठापासून टोकाकडे तीन शिरा धावतात. एकाचा वास निलगिरीकडे झुकतो, दुसऱ्याचा लवंग-दालचिनीकडे. आपल्या मसाला मंडळाच्या यादीत दोहोंची स्वतंत्र नोंद आहे. आंतरराष्ट्रीय जकातीच्या वर्गवारीत मात्र लॉरेलला पूर्वी तुळशीच्या कुळातील थाइमसमवेत एक घर होते, तेही २००७ पासून गेले. आता दोन्ही पाने ‘इतर मसाले’ या सदरात पडतात. तेव्हा सहा अंकी आकडेवारीत तमालपत्राचा हिशेब शोधू जाल, तर तो हाती लागत नाही. ज्या मालाचा वेगळा हिशेब नाही, त्याचा भाव मागणारा तरी कोण? ही झळ मेघालय, नेपाळ व कुमाऊँ येथील पाने तोडणाऱ्यांस बसते. उत्तराखंडच्या तेजपातास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या काळ्या मसाल्यात पडते ते तीन शिरांचेच पान. त्यांचे आप्त लंडनला वा न्यू जर्सीला गेले, तर तेथील मोठ्या दुकानात ‘बे लीफ’ मागताच एका शिरेचे पान हाती येते, आणि मसाल्याचा वास का बदलला हे घरात कोणालाच उमगत नाही. देशी वाण्याकडे जाऊन ‘तेजपत्ता’ म्हटले, की तीन शिरांचे पान मिळते.