निम्म्या किमतीतली फेरारी



अजमानमधल्या आपल्या एका तरुणाने परवा विचारलं, "काका, निम्म्या किमतीत फेरारी मिळतेय. अमेरिकेहून आलेली, 'सॅल्व्हेज टायटल'ची. घेऊ का?" पैसे होते गावाकडच्या घरासाठी साठवलेले.

सॅल्व्हेज म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढलेली गाडी. ठोकलेली असेल तर निदान खुणा तरी सापडतात. पुरात बुडालेली धुऊन पुसून नवी दिसते. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतोय ना? १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. अल ऐनकडे चोवीस तासांत २५० मिलिमीटरहून अधिक! पाणी ओसरतं, पण वायरिंगमधला गंज काही महिन्यांनी डोकं वर काढतो.

तेव्हा घ्यायचीच असेल तर नुसत्या मुल्कियावर जाऊ नका. १७ आकडी चॅसिस नंबरवरून अमेरिकेतला इतिहास काढा. विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासा. आणि बयाणा देण्याआधी फुल इन्शुरन्स मिळेल का, हे लेखी घ्या. बरेचदा घोडं इथंच अडतं. उद्या विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईकही हेच सगळं विचारणार.

हौसेला मोल नसतं, मान्य. पण ती बुडाले तरी चालतील अशा पैशांतून करावी, घराच्या पैशांतून नव्हे.