एका गाडीचा मालक आणि त्याचे भाडे

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



एका निवृत्त शिक्षकाने मालवाहतुकीवर व्याख्यान द्यावे, हे आपणांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. मी जन्मभर मुलांना गणित आणि मराठी शिकविले. परंतु सहा वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने कर्ज काढून दहा चाकी ट्रक घेतला. त्या कर्जाला मी जामीन राहिलो. दीड वर्षातच हप्ते थकले आणि कर्ज देणाऱ्यांची माणसे टोलनाक्यावरून गाडी घेऊन गेली. घरातील दोन स्त्रियांचे दागिने मोडून ती सोडवावी लागली. त्या दिवसापासून गाडीचा हिशेब मी ठेवतो. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज स्वतःची एकच गाडी स्वतः चालवीत आहेत. म्हणून त्या वहीतील चार गोष्टी येथे सांगण्याची परवानगी मी अध्यक्षमहाराजांकडे मागितली.

मुलगा आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस तो रस्त्यावरच असे. मग तोटा कोठून आला? मी त्याला विचारले, "बाळ, तू भाडे कसे निवडतोस?" तो म्हणाला, "काका, ज्याचा आकडा मोठा ते घेतो." सारी गोम तेथेच होती.

सोयीसाठी डिझेल लिटरला नव्वद रुपये धरा आणि गाडी लिटरला चार किलोमीटर जाते असे माना. सहाशे किलोमीटरचे भाडे 36,000 रुपये ठरले. ऐकावयास बरे वाटते. पण परत येताना माल नाही. म्हणजे धाव बाराशे किलोमीटरची, डिझेल तीनशे लिटर, त्याचे 27,000 गेले. टोल 4,000, हमाली व किरकोळ 2,000. हाती उरले 3,000. आणि दिवस गेले चार. आता दुसरे भाडे पाहा. तीनशे किलोमीटर, भाडे 19,000. परतीला 13,000 चा माल मिळाला. डिझेल 13,500, टोल 2,000, दोन वेळची हमाली 3,000. खर्च वजा जाता 13,500 उरले, आणि दिवस तेवढेच लागले. पंचेचाळीस हजारांचा हप्ता असेल तर गाडी जागची न हलताही रोज दीड हजार रुपये खाते. विमा, टायर आणि घरखर्च त्याहून वेगळा. ही त्रैराशिके मी सातवीच्या मुलांकडून करवून घेत असे. घरच्या मुलाकडून करवून घ्यावयाचे राहून गेले.

तेव्हा जाण्याचे भाडे ठरविण्यापूर्वी परतीचे भाडे शोधावे. ज्या दोन गावांमध्ये माल दोन्ही दिशांनी वाहतो, त्या रस्त्यावर पाय रोवावेत. जालन्याचे उदाहरण घ्या. तेथील कारखान्यांतून लोखंडी सळई मुंबई-पुण्याकडे जाते आणि त्याच कारखान्यांना भंगार लागते, ते बंदराकडून येते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्याची ओळख आहे, त्याला रिकामे परतण्याची वेळ क्वचितच येते. याउलट, जेथे फक्त माल उतरतो आणि तेथून काही निघत नाही, अशा गावी जावयाचे तर परतीच्या डिझेलचा पैसा जातानाच्या भाड्यात मागून घ्यावा. तो न मिळाल्यास नमस्कार करून उठावे.

हंगामाचे भान तर शेतकऱ्याइतकेच ठेवावे लागते. जानेवारी ते एप्रिल नाशिककडची द्राक्षे, त्यापुढे लासलगाव-पिंपळगावचा उन्हाळ कांदा, थंडीत कोल्हापूरचा गूळ, रावेर-सावद्याची केळी उत्तरेकडे. नाशवंत मालाला भाडे चढे मिळते; मात्र गाडी उशिरा पोहोचली तर व्यापारी भाड्यातून पैसे कापतो, म्हणून टायर व इंजिन धड असेल त्यानेच त्या वाटेला जावे. मार्चअखेरीस कंपन्यांना माल काढण्याची घाई असते. दिवाळीत चालक घरी गेल्याने गाड्यांची चणचण पडते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात आणि भाडी खाली येतात. त्या दोन-तीन महिन्यांचे हप्ते उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावेत. माझा पुतण्या नेमका श्रावणात बुडाला.

आता दलालांविषयी. आपल्याकडे पूर्वी त्यांस हुंडेकरी म्हणत, अद्यापही काही गावी म्हणतात. ठोक रकमेत माल पोहोचविण्याचा हुंडा घेणारा तो हुंडेकरी. त्याची नालस्ती करण्याची एक फॅशनच आहे. ती मला मान्य नाही. माल कोठे आहे याची माहिती तो विकतो, त्याचे मोल घेतो. दोष तेव्हा, जेव्हा एकच माल तीन हातांतून फिरतो आणि प्रत्येक हात काही काढून घेतो. म्हणून माल भरतेवेळी निरखून पाहावे: बिल्टीवर नाव कोणाचे, पाठविणारा कोण, घेणारा कोण. त्या घेणाऱ्याशी नम्रपणे बोलावे, वेळेवर माल द्यावा, आपला क्रमांक ठेवून यावे. पुतण्याला आज जी नियमित भाडी मिळतात, त्यांपैकी दोन गिऱ्हाइके अशीच जोडलेली आहेत. एक सळईचा व्यापारी आहे, दुसरा पशुखाद्याचा. दर बाजारापेक्षा फार अधिक नाही, परंतु पैसे आठवड्यात येतात.

पैसे येण्याची गोष्ट हीच मुख्य. भाड्याचा मोठा भाग माल भरताना उचल म्हणून आणि बाकी पोच परत आल्यावर, ही बाजाराची रीत. एका वाहतूक कचेरीने पुतण्याच्या अकरा खेपांची बाकी "पुढच्या खेपेला देऊ" म्हणत अडकवून ठेवली. बाकी बुडेल या भीतीने तो त्यांचीच कमी दराची भाडी घेत राहिला. दोर कापला असता तर गाडी गेली नसती. आता आमचा नियम असा: दोन खेपांची बाकी राहिली की तिसरी खेप नाही. दर, उचल, हमाली कोणाची, गाडी खोटी झाली तर दिवसाचे किती, हे सारे भरण्यापूर्वी मोबाईलवर लेखी मागवून घ्यावयाचे. उतरविताना पोचपावतीवर शिक्का आणि मालाची संख्या घेतल्याविना गाडी हलवावयाची नाही.

2015 साली बंगळुरात निघालेल्या ब्लॅकबकसारख्या मंडळींनी मोबाईलवर भाडी दाखविण्यास आरंभ केला, त्याचा उपयोग अवश्य करावा. निदान त्या रस्त्यावर दर काय चालला आहे हे तरी कळते. मात्र माल देण्याआधीच अनामत म्हणून पैसे मागणारा अनोळखी फोन आला, तर तो ठेवून द्यावा.

कागदांकडेही पाहावे. 1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांवरील मालाला आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. त्याची मुदत 2021 पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस आहे. गाडी वाटेत बंद पडल्यास मुदत संपण्याच्या आधी अगर नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घ्यावी लागते. दंड होतो तेव्हा गाडी अडकते आपली, हे विसरू नये. आणि "दोन टन जास्त घे, दोन हजार देतो" म्हणणाऱ्यास उत्तर तयार असावे. 2019 च्या कायद्यातील दुरुस्तीने जादा वजनास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड ठेवला आहे. शिवाय टायर फुटतात ते निराळे.

माझी संघाला एक विनंती आहे. आपल्या ज्ञातीची दुकाने, गोदामे आणि गिरण्या अनेक गावी आहेत. कोणाचा माल कोणत्या वारी, कोणत्या गावाहून निघतो, आणि कोणाची गाडी तेथे रिकामी उभी आहे, याची एक यादी संघाच्या कचेरीत ठेवता येईल. नात्यामुळे दर वाढवून मागू नये आणि नात्यामुळे पैसेही थकवू नयेत, ही अट तिच्या माथ्यावरच लिहावी. यादी लिहिण्याचे काम मी विनामूल्य करीन. तसे लेखी पत्र मी चिटणीसांकडे दिले आहे.

हिशेबाच्या तिन्ही वह्या मी बरोबर आणल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील, त्यांनी भोजनोत्तर मागच्या खोलीत यावे.