घरात आलेल्या लहान कुत्र्याची निगा

मराठी मुलखात कुत्र्याची ओळख फार जुनी आहे. माहूरच्या डोंगरावर दत्तात्रेयाचे स्थान आहे आणि दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायांशी चार कुत्रे हटकून बसलेले असतात. खंडोबाच्या चित्रातही घोड्याबरोबर धावणारा कुत्रा दिसतो. देवाजवळ इतक्या मानाने वावरणारा हा प्राणी माणसाच्या घरात मात्र उंबरठ्याच्या आत क्वचितच आला. त्याची जागा अंगणात, खळ्यावर किंवा गोठ्याच्या तोंडाशी. आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनद ह्या बाजूच्या मराठी बोलणाऱ्या खेड्यांतून आजही हीच रीत पाहावयास मिळते. उन्हात पडावे, धुळीत लोळावे, दिलेला भाकरतुकडा खावा आणि रात्री राखण करावी, असा त्या कुत्र्याचा संसार. त्याला कोणी न्हाऊ घालीत नाही आणि त्याचे केस कोणी विंचरीत नाही. त्याचे केस आखूड असतात, अंग काटक असते आणि अंगाची निगा त्याची त्यालाच राखावी लागते.

गेल्या काही दशकांत मात्र एक निराळा कुत्रा घरात आला आहे. तो आकाराने लहान, बहुधा पांढरा, लांब केसांचा, टोकदार तोंडाचा आणि शेपटी पाठीवर वळलेला असा असतो. लोक त्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे मार्को नावाचा असा एक छोटा कुत्रा घेतला आणि तेव्हापासून हे लहान रूप युरोपात लोकप्रिय झाले. भारतातील घरांतून जो दिसतो तो बहुधा त्याचाच येथील हवेला सरावलेला नातलग, इंडियन स्पिट्झ. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ ह्या चित्रपटातील टफी ह्याच जातीचा होता. आदिलाबादसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावातही आता हा कुत्रा दिवाणखान्यात बसतो, मुलांच्या अंथरुणात निजतो आणि घरधन्याच्या ताटाकडे आशेने पाहतो.

कुत्रा अंगणातून अंथरुणात आला, ह्या घटनेचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानात आलेला नसतो. अंगणातल्या कुत्र्याची निगा त्याच्या आखूड केसांमुळे काही अंशी आपोआप राखली जात होती. घरातल्या कुत्र्याचे केस दाट, दुपदरी व लांब असतात. त्यांच्याखाली काय चालले आहे हे वरून दिसत नाही. पुष्कळ घरी कुत्र्याची स्वच्छता ही हौसेची बाब मानली जाते. पाहुणे यावयाचे असले म्हणजे त्याला साबण लावावा, गळ्यात फीत बांधावी आणि मग महिनाभर विसरून जावे. वास्तविक फणी ही शोभेपेक्षा तपासणीचे साधन आहे. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही; ते केसांखाली हात घालूनच वाचावे लागते. दिवसाकाठी दहा मिनिटे ह्या कामी खर्च करणाऱ्या घराला कुत्र्याचा आजार पुष्कळदा पहिल्या दिवशीच कळतो. इतरांना तो कळतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

आदिलाबादच्या हवामानात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल गुडघाभर होतो आणि हिवाळ्यात पहाटेचे तापमान काही वेळा ५ अंशांपर्यंत उतरते. ह्या तिन्ही ऋतूंत लांब केसांच्या प्राण्याचे हाल निरनिराळे असतात आणि त्यावरचे उपायही निरनिराळे आहेत.

उन्हाळ्यात होणारी नेहमीची चूक म्हणजे कुत्र्याचे सर्व केस मुळापासून काढून टाकणे. माणसाला केस कापल्याने गार वाटते, म्हणून कुत्र्यालाही वाटेल, असा हा हिशेब असतो. परंतु कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. वरचे राठ केस त्याच्या कातडीवर छपरासारखे असतात. ते ऊन अडवितात. ते काढले की कातडी भाजते आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येतही नाहीत. आतील गळालेली मऊ लव मात्र विंचरून काढलीच पाहिजे, म्हणजे केसांतून हवा खेळते. पोट, पंजे व गुदद्वार ह्यांभोवतीचे केस बेताने कापण्यास हरकत नाही. त्याला फिरावयास न्यावयाचे ते सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे पोळतात.

पावसाळ्यात भिजलेल्या केसांच्या गाठी होतात, गाठींखाली कातडी ओली राहते, ती कुजू लागते आणि तेथे माशी बसली की जखमेत किडे पडतात. वरून गोजिरवाणा दिसणारा कुत्रा आतून पोखरला जात असतो आणि घरात फक्त दुर्गंधी येते, अशी तक्रार चाललेली असते. म्हणून पावसातून आल्यावर त्याला कोरड्या पंचाने पुसावे. बोटांच्या बेचक्या, कानांमागची जागा आणि काखा विशेष लक्ष देऊन कोरड्या कराव्यात. पाऊस सरता सरता रानात कुसळी गवत पिकते. त्याच्या बियांची टोके सुईसारखी असतात आणि हवेतील ओलाव्याबरोबर त्यांच्या शेपट्या पीळ घेतात, त्यामुळे बी केसांतून कातडीत शिरते. सराटे पंजात रुततात, आघाडा पोटाला चिकटतो. कुत्रा एकाएकी डोके झटकू लागला किंवा पंजा चाटीत बसला, तर कानात अथवा बोटांत कुसळ शिरले नाही ना, हे पाहावे. कानात खोल गेलेले कुसळ घरी काढण्याच्या भरीस न पडता त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गोचीड. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड केवळ त्याच्या अंगावर राहत नाही. रक्त पिऊन ती खाली उतरते, भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत शिरते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्रा धुतला व घर तसेच ठेवले, तर आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गोचिडीच्या दंशातून एर्लिकिया, बाबेसिया ह्या नावांचे रोगजंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात. मग त्याला ताप येतो, तो अन्नावरून उठतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद होते. वेळीच औषध मिळाले तर पुष्कळ कुत्रे वाचतात. उशीर झाला तर चारपाच किलोंचे ते शरीर टिकाव धरीत नाही. गोचीड जितका अधिक वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून रोज कानांच्या पाळ्या, मान, काखा, बोटांच्या बेचक्या व शेपटीचे मूळ चाचपून पाहावे. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, तिला काडीने चटका देऊ नये, बोटांनी चिरडू तर मुळीच नये.

येथे कापूस पिकविणाऱ्या ह्या मुलखाला एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरात फवारणीचे औषध असते. ते किडे मारते, मग गोचीड का मारणार नाही, असा विचार करून काही जण तेच पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला चोळतात. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. धडधाकट माणसाला जे विष मारू शकते, ते मुठीएवढ्या जिवाचे काय करील, हे सांगावयास नको. कुत्रा ते कातडीतून शोषून घेतो आणि अंग चाटून पोटातही घेतो. शिवाय त्याच अंगाशी घरातील मूल खेळत असते. गोचिडीवर कुत्र्यांसाठी निराळी औषधे मिळतात. काही मानेवर थेंब टाकावयाची, काही पोटात द्यावयाची. ती पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावीत. घरात मांजर असेल तर तेही पशुवैद्याला सांगावे, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधे मांजराला प्राणघातक असतात. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी अंगाला लावण्याची चाल आहे. परंतु गोचिडी मारण्यासाठी त्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

आता नर कुत्र्याच्या स्वच्छतेविषयी. ह्या विषयाचा उच्चार करण्यास लोक संकोचतात आणि त्या संकोचापायी तो दुर्लक्षित राहतो. लहान नर कुत्र्याचे पोट जमिनीपासून वीतभरच उंच असते. लघवी करताना पोटाखालचे लांब केस भिजतात, त्यांवर धूळ बसते, ते पिवळे पडतात आणि घरात वास येऊ लागतो. लिंगाभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड करावेत. अगदी टोकाशी असलेला झुबका मात्र थोडा राहू द्यावा, त्यावरून थेंब ओघळून जातो. दिवसातून एकदा कोमट पाण्यात बुडविलेल्या फडक्याने तो भाग बाहेरून पुसून कोरडा करावा. आत धुण्याची खटपट करू नये. वयात आलेल्या नराच्या लिंगाच्या टोकाशी किंचित पिवळसर स्राव दिसतो, तो बहुधा स्वाभाविक असतो. पण स्राव वाढला, त्यास घाण येऊ लागली, कुत्रा तेथे सारखा चाटू लागला, किंवा रक्ताचे थेंब पडू लागले, तर एक दिवसही घालवू नये. मोकाट कुत्र्यांशी संबंध आल्याने होणाऱ्या एका गाठीच्या रोगातही असेच रक्त येते आणि तो रोग योग्य उपचारांनी बहुधा बरा होतो.

पिल्लाचे दोन्ही अंड सहा महिन्यांच्या सुमारास खाली उतरलेले असावेत. लहान जातींत एखादा पोटातच राहण्याचा प्रकार अधिक आढळतो आणि अशा अंडात पुढे गाठ होण्याचा संभव असतो. तेव्हा पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. घरात कोपऱ्याकोपऱ्यावर पाय वर करण्याची नराची सवय म्हणजे खोडसाळपणा नव्हे. ती त्याची हद्द आखण्याची रीत आहे. त्याबद्दल मार देऊन काही साधत नाही. जागा वास जाईपर्यंत स्वच्छ धुवावी, त्याला वेळेवर बाहेर न्यावे; पिलावळ नको असेल तर शस्त्रक्रियेने खच्चीकरण करून घेतल्यास ही सवय पुष्कळ नरांत कमी होते.

स्नानाचा अतिरेकही नको. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा न्हाऊ घातले तरी पुरते. माणसाची कातडी किंचित आम्ल असते, कुत्र्याची तशी नसते. म्हणून माणसाचा किंवा कपड्यांचा साबण त्याला वापरू नये. कुत्र्यांचा निराळा शांपू मिळतो. न्हाऊ घालण्यापूर्वी केस विंचरावेत, कारण गाठी भिजल्या की अधिक घट्ट बसतात. पाणी कोमट असावे. कानांत व डोळ्यांत जाऊ देऊ नये. साबणाचा अंश राहणार नाही इतके धुवावे. हिवाळ्यात ऐन दुपारी न्हाऊ घालून सर्वांग कोरडे होईपर्यंत त्याला वाऱ्यात सोडू नये.

नखे, दात व कान ही राहिलेली तीन ठिकाणे. फरशीवर वावरणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत. चालताना ती टकटक वाजू लागली की टोके कापावीत. नखात रक्ताची शीर असते, म्हणून थोडे थोडेच कापावे; पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. पायाच्या आतील बाजूचे अंगठ्याचे नख वळून कातडीत शिरते, ते विसरू नये. लहान कुत्र्यांचे दात लवकर किटतात व पडतात. मऊ ब्रशाने ते घासण्याची सवय पिल्लू असतानाच लावावी, पण माणसाची पेस्ट वापरू नये, कारण कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. कान फक्त दिसेल तेवढेच पुसावेत.

हे सर्व करवून घेण्यास कुत्र्याने तयार असले पाहिजे आणि ती तयारी धाकाने होत नाही. पिल्लू घरी आल्यापासून रोज त्याचे पंजे हातात घ्यावेत, कान उलटून पाहावेत, ओठ वर करावा आणि मग एखादा आवडता घास द्यावा. महिन्या-दोन महिन्यांत फणी दिसताच ते आपण होऊन येऊन बसू लागते. मोठेपणी एखादे दिवशी तेच कुत्रे विशिष्ट जागी हात लागताच कळवळले, तर दुखणे कोठे आहे हे घरधन्याला लगेच समजते.

कुत्रा पाळणे हे कोणावर बंधन नाही. परंतु ज्याने त्याला अंगणातून आत घेतले, त्याने त्याची राखण अंगावर घेतली, असाच त्याचा अर्थ आहे. एक फणी, एक चिमटा, एक स्वच्छ फडके आणि रोजची दहा मिनिटे, एवढ्यावर ती निभावते. वर्षातून एकदा पिसाळीची लस टोचण्यास न्यावे, तेव्हा पशुवैद्याकडून त्याचे सर्वांग एकवार तपासून घ्यावे. इतके सांभाळले, तर मुलांच्या अंथरुणात निजणारा तो लहान जीव स्वतःही सुखी राहील आणि घरालाही त्याचा उपसर्ग होणार नाही.